फाउंडेशनला असताना कुणाची नक्कल करावी, आणि कशी

आर्टला, म्हणजे फाउंडेशनच्या वर्षाला, ॲडमिशन झाली की दोन-तीन महिन्यांत सर म्हणायला लागतात, स्वतःचं काहीतरी कर. आणि आपल्याकडे असतं काय तर शाळेतल्या इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेचं स्टिल लाइफ आणि पिंटरेस्टवर सेव्ह केलेले फोटो. मला तेव्हा वाटायचं दुसऱ्याचा प्रभाव घेणं म्हणजे चोरीच, म्हणून मी वर्षभर कुणाचंच काम नीट बघितलं नाही, आणि त्या वर्षीची माझी स्केचबुकं आज उघडली तरी पानोपानी तेच ते दिसतं. म्हणून सांगते, नक्कल कर, बिनधास्त कर, फक्त रीत सांभाळून.

आधी एकच चित्रकार धर. किमान चार-पाच महिने तोच. आणि मूळ चित्र बघायला जा, कारण मोबाईलवर ना साइज कळते ना रंगाचा थर. मुंबईत असशील तर काळा घोड्याला एका दिवसात होतं, जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही, शेजारच्या वस्तुसंग्रहालयात लघुचित्रं, म्हणजे जुनी राजपूत-मुघल पद्धतीची छोटी चित्रं आहेत आणि रस्ता ओलांडला की एनजीएमए, म्हणजे आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय. सातारा-सांगलीकडच्यांनी औंधला जावं, औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय आहे तिथे, रविवर्मांची चित्रं समोर बघायला मिळतात. चित्रापुढे निदान वीस मिनिटं थांब, फोटो नंतर.

आता मुख्य काम. तुला आवडणारा चित्रकार स्वतः कुणाकडे बघत होता ते शोध. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचंच घे. १९४८ ला मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा, आणि आपल्याला ते माहीत असतात ते त्या शांत, एकाच रंगात बुडालेल्या मोठ्या कॅनव्हासमुळे, पण सुरुवातीला त्यांना ओढ होती आपल्या लघुचित्रांची. तिथले रंग आवडले, मग हळूहळू आकृत्या गाळून नुसती रंगांची प्रमाणं बघायला लागले, युरोपातला चित्रकार पॉल क्ले, त्याचं कामही त्यांनी मनापासून बघितलेलं. म्हणजे गायतोंड्यांच्या शेवटच्या चित्रांची कॉपी करून हाताला फार काही लागत नाही, ते ज्या वाटेने गेले ती थोडी चालून बघायची.

हे घरी करता येतं. एक लघुचित्र निवड, कार्ट्रिज पेपर पोस्टकार्डाएवढा काप, पोस्टर कलर घे आणि राजा, घोडा, झाड सगळं गाळून फक्त रंगाचे तुकडे मूळ मापात बसव. लाल किती जागा खातोय, त्याला टेकून पिवळा किती उरलाय. अशी पाच कर. पहिली दोन घाणच होतात, होऊ दे, तिसऱ्यापासून डोळा आपोआप माप घ्यायला लागतो. सहाव्याला लघुचित्र बाजूला ठेव आणि तीच मापं तशीच ठेवून रंग आपल्या घरातले घाल, ओट्यावरचा कडप्पा, आईची साडी, गॅलरीतला गंजलेला पत्रा.

माझ्या बाबतीत हे बरव्यांमुळे झालं. प्रभाकर बरवे, अलिबागजवळच्या नागावचे, पान, घड्याळ, फळ असल्या साध्या वस्तू रिकाम्या जागेत अशा ठेवतात की आपण बघतच राहतो, आणि ते डायऱ्याही लिहायचे. मी त्यांचं बघून रोज एक वस्तू आणि खाली तीन ओळी असं सुरू केलं. पहिले आठवडे सगळ्या वस्तू बरव्यांच्याच यायच्या, मग एक दिवस पप्पांच्या टेलरिंगच्या दुकानातला चपटा खडू आला, मग कापडावरच्या खडूच्या रेषा, बगलेचा गोलावा, आणि मला कळलं की ही रेष मी लहानपणापासून बघतेय, ही मला कुणाकडून आणावी लागणार नाही. पुढे डिप्लोमाचं सगळं काम त्यावरच केलं.

तेव्हा डायरी ठेवच, पण महागडी नको, शाळेची शंभरपानी चालते. चित्र चांगलंच आलं पाहिजे असा हट्ट धरू नको, दिवस चुकवू नको.

अजून एक, कॉपी केलेल्या प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलने लिही, कुणाचं बघून केलं, कोणत्या तारखेला. ज्युरीला, म्हणजे सर आपलं काम तपासतात तेव्हा, असे कागद लावायचे झाले तर वेगळे लाव आणि तसं सांग. मी एकदा न सांगता लावले होते, सरांनी शांतपणे विचारलं हे कुणाचं, आणि मला उत्तर देता आलं नाही.