मिसिंग कधी येतं, ते आधी विचारा

"गाडी मिसिंग मारतेय", म्हणजे इंजिन मध्येच ठोका चुकवून गचके खातंय, एवढं सांगून गिऱ्हाईक चावी हातात देतं, आणि नवीन मुलाचा हात आधी प्लग पान्याकडे जातो. माझाही जायचा. वागळे इस्टेटच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स करून मी माजिवड्याजवळच्या एका गॅरेजात लागलो, तेव्हा बॅटरी, कॉइल (व्होल्टेज वाढवणारी), पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), कंडेन्सर, प्लग ही ठिणगी पाडणारी साखळी मला तोंडपाठ होती. तरी पॉइंटवाल्या एका जुन्या बुलेटनं तीन आठवडे घाम फोडला. या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांसाठी तीच हकिगत सविस्तर सांगतो.

बुलेटचे मालक काशिमिऱ्याचे, नोकरी ठाण्यात. गाडी गचके खाते म्हणाले. मी प्लग काढला, काळा होता, नवीन टाकला. गॅरेजच्या दारात अर्धा तास चालवून पाहिली, सुतासारखी सरळ. तिसऱ्या दिवशी गाडी परत. मग कॉइल बदलली. पुन्हा परत. मग कार्बोरेटर खोलून साफ केला. चौथ्यांदा गाडी दारात उभी राहिली तेव्हा आमच्या गॅरेजातल्या जुन्याजाणत्या काकांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, "मिसिंग कधी येतं?"

"चालवताना," मी म्हणालो.

"चालवताना म्हणजे? निघाल्या निघाल्या, की अर्ध्या तासानं? सपाटीला, की चढाला? थांबून थंड झाली की परत नीट चालते का? फोन लाव आणि विचार."

फोनवर जे कळलं ते पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. सकाळी येताना गाडीला काहीच होत नाही. संध्याकाळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास रखडली की गायमुखचा चढ लागताच तुटायला लागते. सकाळी तोच घाट, तोच माणूस, तीच गाडी, आणि बिनतक्रार. फरक फक्त इंजिन किती तापलंय याचा. गॅरेजच्या सावलीत ते मिसिंग मला कधी दिसणारच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी स्वतः गाडी घेऊन निघालो. गायमुखला ती तुटायला लागली. सुरक्षित जागा बघून बाजूला घेतली, पॉइंटचं झाकण काढलं आणि इंजिन चालू ठेवून अंधुक उजेडात आत पाहिलं. पॉइंट उघडताना बारीकशी ठिणगी दिसणं ठीक असतं. इथे जाडजूड, पांढरट निळ्या ठिणग्या उडत होत्या. पॉइंट उघडला की कॉइलमधला करंट थांबायला तयार नसतो, त्या फटीतून उडी मारू पाहतो. कंडेन्सर तो झेलतो, म्हणून कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र झटक्यात कोसळतं आणि प्लगकडे हजारो व्होल्ट जातात. कंडेन्सर तापून गळायला लागला की ताकद पॉइंटवरच जळून जाते. एका पॉइंटवर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा दिसला तर कंडेन्सरकडे संशयानं बघा.

नवीन पॉइंट बसवले, फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटरमध्ये घेतला, नवा कंडेन्सर टाकला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच! मी पुरता खचलो होतो. काकांनी शांतपणे पाकिटातून आणखी एक कंडेन्सर काढला, आत बसलेल्याची वायर सोडवली आणि हा दुसरा वायरनं बाहेर जोडून बॉडीच्या धातूला पक्का जोडला, म्हणजे अर्थ केला. गाडी गायमुख चढून गेली आणि काशिमिऱ्यापर्यंत एकदाही अडखळली नाही. पाकिटातला पहिला कंडेन्सरच खराब निघाला होता. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांत हे इतक्या वेळा होतं की नवीन टाकला म्हणून एखादा भाग संशयातून वगळू नका.

हा एकच प्रश्न, "कधी?", बाकीचं बरंच काम करून टाकतो.

पावसाळ्यात, खाडीवरून दमट वारा येतो त्या दिवसांत मिसिंग असेल, तर करंट वाटेतच गळतोय. रात्री गॅरेजचे दिवे घालवून इंजिन चालू करा आणि बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा प्लग कॅप, वायर आणि कॉइलवर मारा. चिरलेल्या जागी निळसर ठिणगी दिसते. कॅप वायरवर आट्यांनी बसते. जुन्या वायरचं टोक हिरवं पडलं असेल तर पाच-सहा मिलिमीटर कापून कॅप पुन्हा घट्ट फिरवा. रेझिस्टरवाली कॅप बहुतेक ५ किलोओहमची असते. मीटरवर आकडा त्यापेक्षा फारच जास्त आला किंवा हलवल्यावर पळू लागला तर ती बदला.

वळणावर किंवा यू-टर्नला मिसिंग असेल, तर हँडलखालची वायरिंग बघा. एका यामाहा आरएक्स १०० वर मी दोन दिवस घालवले होते, आणि दोष निघाला डावीकडे हँडल पूर्ण वळलं की फ्रेमला घासणाऱ्या एका वायरमध्ये. बॅटरीऐवजी इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटवर चालणाऱ्या बऱ्याच जुन्या सीडीआय गाड्यांत (पॉइंटऐवजी ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा म्हणजे सीडीआय) चावी बंद केली की सीडीआयची एक वायर अर्थ होते आणि इंजिन थांबतं. ती वायर कुठे सोलली तर चालत्या गाडीत क्षणभर तेच घडतं. सीडीआयपाशी ती वायर सोडवून गाडी चालवली आणि मिसिंग गेलं, तर दोष स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये. मात्र मग चावीनं इंजिन बंद होणार नाही, तेव्हा ब्रेक दाबून, गिअर टाकून ते कसं थांबवायचं हे आधी ठरवून ठेवा.

फक्त वरच्या स्पीडला तुटत असेल तर पॉइंटवाल्या गाडीत अॅडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की ठिणगी थोडी आधी पाडणारी, वजनं आणि स्प्रिंग अडकलेत का पाहा. कॅमवर ग्रीसचा लेप नसला तर पॉइंटची टाच झिजून गॅप कमी होतो, हेही तिथेच कळतं.

आणि कित्येकदा दोष करंटचा नसतोच. करंट तुटला तर झटका बसतो, जणू कुणी चावी फिरवली. पेट्रोल कमी पडलं तर गाडी हळूहळू दम सोडते. तुटत असताना चोक अर्धा ओढा. बरी चालली तर पेट्रोलच्या वाटेनं शोधा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर काही किलोमीटरनंतर गाडी मरते, आणि झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज येतो. पाच मिनिटांची ही तपासणी मी कधीच टाळत नाही.

प्लग बाहेर काढून किक मारायची आणि "करंट आहे" म्हणायचं, या सवयीबद्दल मला कळकळीनं बोलायचंय. उघड्या हवेत दुबळा करंटही प्लगच्या फटीतून उडी मारतो. सिलिंडरमध्ये दाबाखाली तेच काम कितीतरी अवघड असतं. म्हणून गॅप वाढवता येणारा टेस्टर घ्या आणि सहा-सात मिलिमीटरवर निळी, कडक आवाजाची ठिणगी येते का बघा. पिवळट, लुळी ठिणगी चालणार नाही. पेट्रोलचा कॉक बंद ठेवा, प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते. प्लगची बॉडी इंजिनाला टेकवल्याशिवाय किक मारू नका. करंटला वाट मिळाली नाही तर कॉइल आणि सीडीआय जळू शकतात. कॉइल मीटरनं मोजायची तर गाडी तापलेली असतानाही मोजा. थंड असताना चांगले आकडे देणारी कॉइल गरम झाल्यावर आतून तुटते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स हे प्रदूषणाचे नियम आल्यावर नव्या गाड्यांत स्कॅनर लावून कोड वाचतात. तो शिकाच, पोट त्यावर आहे. पण कोड कुठल्या वेळी, किती तापमानाला आला हे तिथेही विचारावंच लागतं.

शेवटी गिऱ्हाइकाच्या पैशांबद्दल. एका वेळी एकच भाग बदला, आणि काढलेला जुना भाग चिठ्ठी लावून ठेवा. त्या बुलेटची जुनी कॉइल मी सुदैवानं फेकली नव्हती. काकांनी ती माझ्याकडूनच परत बसवून घेतली, गाडी आणखी दोन संध्याकाळी गायमुखवरून फिरवायला लावली आणि ती चांगली ठरल्यावर नव्या कॉइलचे पैसे मालकांना परत केले. ती नवी कॉइल पुढे सहा महिने आमच्या फळीवर होती.