नख दाखवून कॅल्शियम मागताय? आधी या चुका टाळा

वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे, आणि आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी हात पुढे करून म्हणतंच, "नखावर पांढरे ठिपके आलेत, कॅल्शियम द्या." अहो, ते ठिपके बहुतेक वेळा माराचे असतात. बोट दारात चेमटलं, पार्लरवालीने नखाच्या मुळाशी जोर लावला, झालं. नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे ठिपका वर येईपर्यंत मार कोणाला आठवतोय!

आमच्या बिल्डिंगमधल्या काकू चार महिने कॅल्शियम घेत होत्या, देणारा मीच. दम लागतो म्हणायच्या, वर स्वतःच म्हणायच्या, पन्नाशी आली आता. एकदा पावसात छत्री मिटवत आल्या, पैसे काढताना बघितलं तर अंगठ्याच्या नखावर पाण्याचा थेंब तसाच बसलेला, ओघळेचना. नख मधे खोलगट, चमच्यासारखं. म्हटलं, ही लोह कमी असल्याची खूण असू शकते, आधी सीबीसी म्हणजे रक्ताची तपासणी करा. हिमोग्लोबिन ६.८! डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर कळलं, वर्षभर पाळीत खूप रक्त जात होतं आणि काकू घरात कोणाला बोलल्याच नव्हत्या. मग लोहाची गोळी सुरू झाली तर ती कॅल्शियमसोबत आणि वर चहा. कॅल्शियम काय नि चहा काय, दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. तेव्हापासून मी पाकिटावर पेनाने लिहूनच देतो, "दोन तास अंतर."

उभ्या रेघा वयानुसार येतात, सोडून द्या. आडवी खाच मात्र मोठ्या तापाची किंवा आजारपणाची खूण असू शकते. मुळापासून ६ मिलिमीटरवर असेल तर दोनेक महिने मागे आठवून बघा, डेंगी वगैरे झाला होता का. काळी उभी रेघ सावळ्या लोकांत कॉमन आहे, पण एकाच नखावर नवीन आली, रुंद होतेय किंवा रंग कातडीवर उतरतोय, तर माझ्याकडे नाही, स्किनवाल्याकडे जा. दोन तर्जन्यांची नखं पाठीला पाठ लावा, मधे पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची बारीक फट दिसते. ती नसेल आणि बोटांची टोकं फुगीर वाटत असतील तर छाती तपासून घ्या. आणि डॉक्टरकडे जाताना नेलपॉलिश काढून जा हो, प्लीज!

केसानखांसाठी बायोटिन खाताय तर रक्त तपासायला द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा, थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

आठ दिवसांत "फरक नाही" म्हणत परत येणाऱ्यांना मी उत्तरच देत नाही. काकूंचं नख पूर्ण सपाट व्हायला सहा महिने गेले. आता त्या काउंटरवर उभ्या राहून बाकीच्या गिऱ्हाइकांची नखं तपासतात, तो वेगळाच ताप झालाय मला.