पंखातल्या टाकीत फ्युएल सेन्सर बसवताय? या चुका टाळा

मागच्या महिन्यात घरी विमान बांधणाऱ्या एका तरुणाचा फोन आला. "काका, डावा सेन्सर गेला. टाकीत १० गॅलन आहे आणि काटा शून्यावर. नवा मागवलाय, शनिवारी टाकी उघडतो." म्हटलं, टाकीला हात लावू नकोस, आधी मल्टीमीटर घेऊन ये. इथे ओहायोत घरी विमान बांधणाऱ्यांचे असे फोन मला दरवर्षी येतात आणि बहुतेक वेळा सेन्सर धडधाकट असतो. गेलेलं असतं ते अर्थिंग.

फ्लोटचा सेन्सर म्हणजे गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलचा भाऊच. पेट्रोलबरोबर दांडी वर-खाली होते आणि रोध बदलतो: रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम, भरलेलीला ३३. मीटरकडे जाते ती एकच वायर. परतीचा रस्ता सेन्सरच्या धातूच्या बुडातून आणि स्क्रूंमधून टाकीच्या पत्र्यात जातो. आपण मात्र गळती नको म्हणून बुडाखाली पॉलिसल्फाइड सीलंट थापतो, स्क्रूच्या आट्यांनाही फासतो. ते वाळलं की रबर होतं आणि रबरातून वीज जात नाही. परतीचा रस्ता बंद, काटा शून्याच्याही खाली.

माझ्या पहिल्या आरव्ही-७ला, म्हणजे किट आणून घरी बांधलेल्या छोट्या विमानाला, मी हेच केलं. सेन्सरला दोष दिला आणि दोन शनिवार प्लास्टिकच्या पात्याने सीलंट खरवडत बसलो. नवा सेन्सर लावला, सीलंट वाळायला आठवडा दिला, तरी काटा शून्यावरच. शेवटी हँगरमधल्या एका वयस्कर गृहस्थांनी वायरचं एक टोक सेन्सरच्या स्क्रूला आणि दुसरं स्पारला, म्हणजे पंखातल्या मुख्य तुळईला, टेकवलं. काटा लगेच उठला. तेव्हापासून एका स्क्रूखालची जागा घासून स्वच्छ करतो, तिथे रिंग टर्मिनल बसवतो आणि वेगळी वायर अर्थला नेतो. रोध तीनदा मोजतो: सीलंट लावण्याआधी, वाळल्यावर आणि पंख जोडल्यावर. त्या मुलाचं कामही एका वायरीत झालं, नवा सेन्सर त्याने खोक्यातूनच परत पाठवला.

दुसरी चूक मला जास्त भीतीदायक वाटते, कारण ती उडेपर्यंत दिसत नाही. शेपटीखाली चाक असलेलं विमान जमिनीवर नाक वर करून उभं असतं. पेट्रोल टाकीच्या मागच्या बाजूला सरकतं आणि लोक त्याच अवस्थेत कॅलिब्रेशन, म्हणजे मोजून पेट्रोल ओतत मीटरचे आकडे जुळवण्याचं काम, उरकतात. हवेत विमान सपाट झालं की तेच पेट्रोल वेगळा आकडा दाखवतं. शेपटी स्टँडवर चढवा, कॉकपिटच्या कडेचा लाँजरॉन (विमानाच्या लांबीने जाणारी धातूची पट्टी) लेव्हलने सपाट करा, मगच पहिला थेंब ओता. मी आधी इंजिनला न मिळणारं, तळात उरणारं पेट्रोल ओततो आणि त्याला शून्य म्हणतो. अमेरिकेत प्रमाणित विमानांचा नियम तोच आहे आणि घरच्या विमानाला त्याहून ढिला नियम का लावावा? पुढे दोन-दोन गॅलन ओतायचे, दर वेळी पाच मिनिटं थांबायचं, आकडा लिहायचा. पाच-पाच गॅलन ओतून अर्ध्या तासात घरी जाणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. दोन-तीन वर्षं रिव्हेट मारण्यात घालवलेल्या माणसाकडे एक दुपार का नसावी?

याच दुपारी आणखी एक गोष्ट दिसेल. आरव्ही-७च्या पंखाला साडेतीन अंशांचा डायहेड्रल आहे, म्हणजे टोक बुंध्यापेक्षा वर उचललेलं असतं; सेन्सर बुंध्याशी आणि झाकण टोकाकडे. बुंधा आधी भरतो, फ्लोट वरच्या पत्र्याजवळ जाऊन थांबतो, तरी टाकीत अजून काही गॅलन मावतात. म्हणून उडाल्यावर काटा बराच वेळ हलत नाही. ते बिघाड नाही. दांडी वाकवून हे 'दुरुस्त' करू नका.

दांडी नकाशातल्या मापानेच वाकवा. टाकी बंद करण्याआधी ती पूर्ण वर-खाली फिरवून बघा, पंखाला आकार देणाऱ्या रिबला किंवा टाकीत हवा येण्याच्या नळीला (व्हेंट) अडकता कामा नये.

१०–१८० ओहमचा सेन्सर २४०–३३च्या मीटरला जोडलात तर काटा उलटा चालेल.

कपॅसिटिव्ह सेन्सर (फ्लोटऐवजी पेट्रोलच्या विद्युत गुणधर्मावरून पातळी मोजणारा) लावलात तर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपासून जपा. पेट्रोलचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २च्या आसपास, इथेनॉलचा २४च्या. ॲव्हगॅसवर, म्हणजे विमानाच्या पेट्रोलवर, केलेलं कॅलिब्रेशन तिथे चालत नाही.

सीलंट वजनकाट्यावर, डब्यावरच्या प्रमाणात मिसळा. नजरेच्या अंदाजाने नाही.

गळती तपासताना टाकीला कॉम्प्रेसर लावू नका, कधीच नाही. १ पीएसआय (दर चौरस इंचाला १ पौंड) दाब पुरतो. मी व्हेंटला फुगा बांधतो, सायकलच्या पंपाने हवा भरतो आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावतो. फुगा हँगरच्या गारठ्याने आणि उन्हाने लहान-मोठा होतो, त्यामुळे निर्णय बुडबुड्यांवर घ्यायचा.

आणि कॅलिब्रेशनच्या त्याच दुपारी एक लाकडी पट्टी झाकणातून टाकीत सोडा. शेपटी खाली उतरवून, विमान नेहमी उभं राहतं तशाच अवस्थेत, प्रत्येक टप्प्याला खूण करा. माझी पट्टी सीटमागच्या खिशात असते. प्रत्येक उड्डाणाआधी मी ती टाकीत घालून बघतो, मीटरवर काहीही दिसत असलं तरी.