छिंगमिंगसाठी ब्रशने चार अक्षरं लिहायची असतील तर

मन शांत करा, उदबत्ती लावा, पूर्वजांना आठवा म्हणजे अक्षर आपोआप छान येईल, असं सांगणारे व्हिडिओ आधी बंद करा. काहीही आपोआप येत नाही.

छिंगमिंग म्हणजे 4-5 एप्रिलच्या सुमारास येणारा चिनी सण, तेव्हा लोक पूर्वजांच्या कबरी झाडूनपुसून नैवेद्य ठेवतात. चिनी घराण्यांच्या पूर्वज-मंदिरांत एक पाटी हमखास दिसते, शेन झोंग झुई युआन (慎終追遠). कन्फ्यूशियसचा शिष्य झेंगझी याचं वचन आहे, म्हणजे गेलेल्यांचं शेवटचं नीट करा, लांबच्या पूर्वजांनाही विसरू नका. आपण तीच लिहायची, जुन्या लिपीत, सोपी केलेली रूपं नकोत.

ब्रश मिश्र केसांचा, म्हणजे मऊ आणि ताठ केस एकत्र असलेला, शाई बाटलीतली चालते, शाईची कांडी तासभर उगाळत बसायची काही गरज नाही. सरावाला स्वस्त पिवळट बांबूचा कागद.

पुढ्यात वळण ठेवायचं ते यान छिनलीच्या शिलालेखाचं. थांग राजवटीच्या काळातला सुलेखनकार यान झेनछिंग, त्याने 779 मध्ये स्वतःच्या पणजोबांसाठी, म्हणजे याच यान छिनलीसाठी लिहिलेला, मूळ दगड शिआनच्या शिलालेख संग्रहालयात आहे. पूर्वजांसाठी लिहायचं आणि पूर्वजांसाठीच लिहिलेलं गिरवायचं, याहून चांगलं काय. काही जण नवशिक्यांना त्याचाच 758 चा पुतण्याच्या शोकाचा खर्डा गिरवायला देतात. खाडाखोड असलेला, धावत्या लिपीतला खर्डा आहे तो, एवढ्यात हात लावू नका.

शेन आणि झोंग सरळ आहेत, आठवड्याभरात जमतात. खरी गंमत झुई आणि युआनमध्ये, कारण दोन्हींना डावीकडून खाली येऊन तळाशी पसरणारा 'चालण्याचा' भाग (辶) आहे, आणि माझं सगळं घोडं कितीतरी महिने तिथेच अडलं होतं. तो भाग सगळ्यात शेवटी लिहायचा, आतलं अक्षर आधी. वर ठिपका, खाली नागमोडी रेघ, मग तळाची लांब रेघ. ही रेघ एका दमात ओढलीत की झाडूचा फराटा दिसणार. टोक हलकं टेकवा, उजवीकडे जाता जाता हळूहळू दाबत जा, सगळ्यात जाड जागी आलात की थांबा, खरंच थांबा, आणि मग तिथून हात आडवाच नेत ब्रश उचलत जा, म्हणजे शेपूट निमुळतं निघतं. लोक थांबतच नाहीत, नाहीतर थांबून वर झटका देतात, मग शेपूट आकाशाकडे जातं. थांबल्यावर शाई पसरत असेल तर दोष हाताचा नाही, ब्रश चिंब आहे, दौतीच्या काठावर निथळून घ्या.

ज्यांचा हात बोरूवर बसलाय त्यांनी जास्त जपा. बोरू तिरका धरायची सवय असते, इथे ब्रश उभा, टोक रेघेच्या मधोमध चाललं पाहिजे, तिरका झाला की एक कड फाटकी येते.

आणि दोन्ही शेपटं शेजारी-शेजारी येणार, तर हुबेहूब सारखी काढू नका. छापल्यासारखी दिसतात. मी युआनचं शेपूट थोडं लांब सोडतो.

जमलं की फिटकरी दिलेल्या शुआन कागदावर (सुलेखनाचा पारंपरिक चिनी कागद) पक्कं लिहा, साध्या शुआनवर नवशिक्याची शाई फुटते. आडवी पाटी असेल तर उजवीकडून डावीकडे. ब्रश लगेच धुवा, बाटलीची शाई केसांच्या मुळाशी वाळली की तो ब्रश गेला, आणि टोक खाली करून टांगा.