पावसाळ्यात रोज दुचाकीने कामावर जाणाऱ्यांची तयारी

साताऱ्यातून रोज दुचाकीने कामावर जाणाऱ्याने रेनकोट घेताना आधी आपला रस्ता कोणत्या दिशेला जातो ते पाहावे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याला ५०० मिलिमीटरच्या आसपास पावसावर भागवावे लागते. सातारा शहर या दोहोंच्या मध्ये आहे. त्यामुळे पूर्वेला, माणच्या बाजूच्या कोरेगाव-रहिमतपूरकडे जाणाऱ्याला सरीपुरता साधा रेनकोट चालून जातो. पण पश्चिमेला, डोंगराच्या बाजूने मेढ्याकडे किंवा यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला रोज जाणाऱ्याची गाठ जुलैमध्ये तासन्‌तास न थांबणाऱ्या पावसाशी, वाऱ्याशी आणि धुक्याशी असते, आणि तिथे शिवणीतून पाझरणारा रेनकोट असून नसल्यासारखाच होतो.

जाकीट आणि पँट वेगवेगळी असलेला जोडच घ्यावा. अंगावरून नुसता टाकायचा मोकळा, घोळदार रेनकोट वाऱ्याने फुगतो आणि त्याचे टोक चेनमध्ये किंवा मागच्या चाकात जाऊ शकते, म्हणून तो पायी चालणाऱ्यांसाठीच ठेवावा. दुकानात कापडाकडे सगळेच पाहतात, पण पाणी बहुधा कापडातून न येता सुईच्या भोकांतून येते. तेव्हा जाकीट उलटे करून प्रत्येक शिवणीवर आतून टेप चिकटवलेली आहे का, हे बोट फिरवून तपासावे. सर्वांत आधी गळते ती पँटची बैठक, कारण तिथे चार शिवणी एकत्र येतात आणि सीटवर साचलेल्या पाण्यावर माणूस आपल्या वजनानिशी बसलेला असतो. घरी पँट उलटी करावी, बैठकीचा भाग झोळीसारखा धरून त्यात तांब्याभर पाणी ओतावे आणि थोडा वेळ थांबावे. खाली थेंब धरू लागले, तर पावती हातात असतानाच ती बदलून घ्यावी.

माप नेहमीच्या कपड्यांपेक्षा एक नंबर मोठे असावे, पण ते उभे राहून ठरवू नये. गाडी स्टँडवर लावून, पाय फूटरेस्टवर आणि हात हँडलवर ठेवून बसावे. त्या स्थितीत पँट घोट्याच्या वर चढत असेल किंवा बाही मनगट उघडे टाकत असेल, तर तेवढ्या फटीतून सगळे पाणी आत येणार. पँटचा पायघोळ भाग वेल्क्रोने आवळता आला पाहिजे, कारण सायलेन्सरला टेकलेले प्लॅस्टिकचे कापड क्षणात वितळून त्यालाच चिकटते. पँटचे तोंड बुटांच्या बाहेर असावे. ती गमबुटात खोचली की पायावरून ओघळणारे पाणी बुटातच साचते. हातमोज्यांची मनगटेही त्याच कारणाने बाहीच्या आत ठेवावीत. ओले हात वाऱ्याने बधिर होतात आणि क्लच-ब्रेकवरची पकड ढिली पडते, म्हणून हातमोजे ही चैन समजू नये.

डोक्यावर आयएसआय खुणेचे हेल्मेट असावे आणि त्याची काच पारदर्शक असावी. काळी काच पावसाळ्यापुरती काढूनच ठेवावी, कारण भरलेल्या आभाळाखाली ती लावून खड्डा दिसत नाही. रेनकोटची टोपी हेल्मेटखाली कोंबू नये. तिने हेल्मेट नीट बसत नाही आणि मान वळवली तरी बाजूचे दिसत नाही. काचेवर आतून श्वासाची वाफ धरते, त्यावर धुके न धरणारा पातळ थर मिळतो तो लावावा. तो नसेल तर काच बोटभर उघडी ठेवावी.

रंगाबाबत मी आग्रही आहे. मळखाऊ म्हणून काळा किंवा गडद निळा रेनकोट घेण्याची आपल्याकडे रीत आहे, पण महामार्गावर ट्रकच्या चाकांनी उडवलेल्या तुषारांमध्ये असा माणूस मागच्या चालकाला दिसतच नाही. पिवळा किंवा नारिंगी घ्यावा, पाठीवर चमकणारी पट्टी असावी आणि पाठीवरच्या सॅकने ती झाकली जात असेल तर सॅकच्या आवरणावरही तशी पट्टी लावावी.

मागे बसणाऱ्या व्यक्तीसाठी तितकाच चांगला वेगळा जोड घरात असलाच पाहिजे. तो नसतो, म्हणून मागे बसलेली बाई चालत्या गाडीवर छत्री उघडते, वारा छत्रीत भरतो आणि तोल जाऊन ती रस्त्यावर पडते. आपल्या भागात असे जीव गेले आहेत. छत्री उघडून मागे कोणालाही बसू देऊ नये, मग ती आई असो वा शेजारीण, आणि साडीचा पदर व काठ रेनकोटच्या आत घेतल्याशिवाय गाडी हलवू नये.

मोबाइल आणि पाकीट तोंड बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आतल्या खिशात ठेवावे, कारण बाहेरच्या खिशांत पाणी शिरते. कोरडे मोजे आणि एक जुना पंचा डिकीत असू द्यावा. टायरच्या खाचा उथळ झाल्या असतील तर तो पावसाआधी बदलावा, ब्रेक आणि मागचा दिवा तपासून घ्यावा.

यवतेश्वराच्या बाजूने आभाळ भरून आले की रेनकोट घरातूनच अंगावर घालून निघावे. पाऊस सुरू झाल्यावर महामार्गाच्या कडेला किंवा पुलाखाली थांबून तो चढवताना आधी कपडे भिजतात, आणि भरधाव गाड्यांच्या शेजारी एका पायावर उभे राहावे लागते. घरी आल्यावर रेनकोट ओला घडी करून डिकीत ठेवू नये. आधी बाहेरून, मग उलटा करून सावलीत वाळवावा आणि इस्त्री कधीही लावू नये, कारण उष्णतेने शिवणीची टेप सुटते. भिजलेली चेन पुसून तिला तेल द्यावे.