अण्णांचं कोल्ट विकताना

पिंपळगाव बसवंतच्या घरी गोदरेजच्या कपाटात सातबाऱ्याच्या पिशवीमागे आजोबांचं पिस्तूल असायचं. आजोबा देवळाली कॅम्पात भाजीपाला पुरवायचे. १९४६ साली मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून त्यांनी ते रीतसर परवान्यावर घेतलं. पुढे ते अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावावर आलं. उसात बिबट्या उतरायला लागल्यापासून अण्णा रात्री मोटर चालू करायला जाताना ते कमरेला लावत. एकदाही झाडलं नाही. अण्णा गेले आणि ते माझ्यासमोर आलं. वर्षभर खेटे घालून मी ते योग्य माणसाच्या हाती दिलं. तुमच्याही घरात असं एखादं असेल, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट, परवाना माणसाबरोबर संपतो. ज्याच्या नावावर परवाना होता तो गेला की घरात पडलेलं पिस्तूल ठेवण्याचा हक्क आपल्याला राहत नाही. तेरावं होऊ द्या, मग बघू, असं करू नका. मी चौथ्या दिवशी भावाला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं. आम्ही विक्रेत्याकडे ठेवलं, कारण तिथे तेल-पाणी होतं. जमा केल्याची पावती घ्या आणि तिच्या दोन झेरॉक्स वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. माहीत नसेल तर हातही लावू नका, जाणत्याला घरी बोलवा. आमच्या पिस्तुलाचा घोडा (गोळीवर आघात करणारा हॅमर) स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, आत लपलेला आहे, त्यामुळे ते ताणलेलं आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा खण, काढलं तरी नळीत एक गोळी राहू शकते.

आता ते दुर्मीळ आहे हे कसं ओळखायचं. आमचं पिस्तूल कोल्ट या अमेरिकी कंपनीचं १९०३ सालचं मॉडेल, प्रसिद्ध शस्त्र-रचनाकार जॉन ब्राउनिंगच्या आराखड्याचं, .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं माप), मॅगझिनमध्ये आठ गोळ्या. हे मॉडेल १९४५ पर्यंत निघत राहिलं आणि सगळी मिळून साडेपाच लाखांच्या वर बनली, म्हणजे नुसतं मॉडेल दुर्मीळ नाही. किंमत आहे ती पहिल्या खेपेला. या खेपेची नळी चार इंची, नंतरच्यांची पावणेचार इंची. तोंडाशी नळीभोवती वेगळी कडी बसवलेली असते, १९१० नंतरच्या पिस्तुलांत ती नाही. चौकटीवरचा क्रमांक ७२,००० च्या आतला असेल तर तुमचं पिस्तूल पहिल्या खेपेतलं. मुठीवरच्या पट्ट्या काळ्या कडक रबराच्या, त्यावर मागच्या पायांवर उभं राहिलेलं शिंगरू. उजेडात राहून हे रबर तपकिरी पडतं. आमच्या मुठीची एक बाजू चॉकलेटी झाली होती आणि दुसरी, कपाटाच्या भिंतीकडची, अजून काळी होती. मला तो डाग वाटला. संग्राहकाला तीच खूण हवी होती, कारण पट्ट्या बदललेल्या नाहीत हे त्यावरून कळतं.

इथे माझ्या हातून मोठी चूक झाली. स्लाइडवर डाव्या बाजूला रुपयाएवढा गंजाचा ठिपका होता. अण्णांनी वर्षानुवर्षं पिस्तूल चामड्याच्या म्यानात ठेवलं, आणि पावसाळ्यात चामडं ओल धरतं. जमा करण्याआधी भावाने गोळ्या उतरवल्या आणि मी बारीक पॉलिश पेपरने तो ठिपका घासला. गंज गेला, त्याबरोबर कारखान्यात पोलादावर चढवलेली शंभर वर्षांची निळी झाकही गेली. ठिपका तसाच ठेवून वर हलकं तेल लावलं असतं तर बरं झालं असतं. पुढे एकाने सगळं पिस्तूल नव्यासारखं निळं करून देतो म्हणून सांगितलं. सुदैवाने मी नको म्हटलं. नवी झाक चढवलेलं पिस्तूल वापरणारा घेईल, संग्राहक घेणार नाही. म्यान वेगळं ठेवा, पण टाकू नका, तेही जुनं आहे.

लोखंडाइतकीच किंमत कागदाची असते. आजोबांच्या ट्रंकेत त्या अधिकाऱ्याने टाइप करून दिलेली विक्रीची चिठ्ठी सापडली, खाली सही, वर पिस्तुलाचा क्रमांक. परवान्याच्या जुन्या पुस्तकातही तोच क्रमांक. शिवाय कोल्ट कंपनी पैसे भरून जुन्या नोंदींचं पत्र देते: पिस्तूल कारखान्यातून कधी निघालं, कुठे गेलं, झाक कोणती होती. आमच्या पत्रात १९०६ साल आलं. ते वाचताना मला आजोबा समोर बसल्यासारखं वाटलं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. आमचा परवाना ग्रामीण भागातला, म्हणून जिल्हाधिकारी कार्यालय. नाशिक शहरातला असेल तर पोलीस आयुक्तालय. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, जमा पावती आणि सगळ्या वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं जोडून मी विक्रीची परवानगी मागितली. ताई नागपूरला, तिच्या सहीसाठी तीन आठवडे गेले, म्हणून हे काम आधी करा. खाजगी माणसाने परवानाधारकाला थेट विकायचं तर घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवून निदान ४५ दिवस थांबावं लागतं. शस्त्र चालू स्थितीत आहे तोवर ‘पुराणवस्तू आहे, परवाना कशाला’ हे म्हणणं टिकत नाही. ती सूट दुरुस्त करूनही झाडता न येणाऱ्या जुन्या शस्त्रांना आहे. आणि त्या सुटीसाठी नळी बुजवून घेऊ नका, पिस्तूल मरतं.

घेणारे कमी असतात, हे धरून चाला. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका-पिस्तुलं ठेवता येतात, त्यामुळे संग्राहकाच्या मनात असून भागत नाही, त्याच्याकडे जागा रिकामी लागते. दुसरीकडे १९८० च्या दशकात आयात आवळली गेल्यापासून परदेशी बनावटीला इथे चांगला भाव येतो. म्हणून पहिल्या भावाला हो म्हणू नका. मला विक्रेत्याने सांगितलेल्या पहिल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट शेवटी मिळाले. जाहिरात मात्र करू नका, क्रमांक दिसणारा फोटो तर मुळीच कुणाला पाठवू नका. विक्रेत्याकडे आणि नेमबाजीतल्या ओळखीच्यांकडे शब्द टाकायचा, तेवढं पुरतं.

मी ज्यांना दिलं ते पुण्याचे निवृत्त इंजिनिअर. दुकानात त्यांनी आधी चिठ्ठी मागितली, चष्मा पुसून दोनदा वाचली, मग बॅटरीच्या उजेडात नळी पाहिली. मी घासलेल्या जागेवर त्यांचा अंगठा थांबला. मी काय केलं ते त्यांना सरळ सांगितलं. त्यांनी त्यापोटी थोडे पैसे कमी केले आणि ते मला पटलं. पैसे बँकेतूनच घेतले, तेही ४५ दिवस संपल्यावर. त्यांच्या परवान्यावर नोंद झाली, विक्रेत्याच्या वहीत आम्ही दोघांनी सह्या केल्या. मॅगझिन, म्यान, कोल्टचं पत्र सगळं त्यांना दिलं. आजोबांच्या चिठ्ठीवर मात्र माझा हात थोडा अडला, तेव्हा ते म्हणाले, “ताई, याची रंगीत झेरॉक्स तुम्हाला काढून देतो, मूळ प्रत पिस्तुलाबरोबर राहू द्या.” ती झेरॉक्स आता सातबाऱ्याच्या पिशवीत आहे.