‘स्क्रीनशॉट टाक ना’ म्हणणाऱ्यांनो, तिकीट दुसऱ्याला देताना या चुका टाळा

आमची सोसायटी, माझं ऑफिस आणि माहेरचा गोतावळा, या तिन्हीकडे कुणालाही कार्यक्रमाची तिकिटं हवी असली की फोन मलाच येतो. विक्री दुपारी बाराला सुरू होणार असेल तर मी साडेअकरालाच लॉगिन करून, चार्जर लावून तयार बसलेली असते. या कामाबद्दल माझी तक्रार नाही, उलट मला ते आवडतं. तक्रार आहे ती त्यानंतरच्या कामाबद्दल. सहा तिकिटं माझ्या खात्यात पडतात, त्यातली दोन-तीन दुसऱ्याला द्यायची असतात, आणि समोरून हमखास एकच वाक्य येतं: "अगं, स्क्रीनशॉट टाक ना, झालं."

नाही होत.

स्क्रीनशॉट म्हणजे तिकीट नव्हे

ही सवय कुठून लागली ते मला माहीत आहे. सिनेमाला चालतं, नाटकाला चालतं. कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात दारावरचे काका मोबाइलवरचा सीट नंबर बघतात, टॉर्च मारतात आणि "डावीकडून जा" म्हणतात. एकाच खुर्चीवर दोघं आलेच, तर थोडी बाचाबाची होते आणि पहिली घंटा व्हायच्या आत मिटतेही. तिथे माणूस माणसाशी बोलतो. मैदानातल्या मोठ्या कार्यक्रमाला गेटवर उभ्या पोराच्या हातात स्कॅनर असतो आणि त्या स्कॅनरला तुम्ही कोण, पैसे कुणी भरले, कशाशी काही घेणंदेणं नसतं. त्याला फक्त कोड कळतो. कोड पहिल्यांदा आला तर हिरवा, दुसऱ्यांदा आला तर लाल.

हे मी शिकले ते पुण्याबाहेरच्या एका मैदानावर. गाण्याचा कार्यक्रम होता आणि आम्ही सहा जण: मी, नवरा, मुलगी, माझी मैत्रीण, तिचा नवरा आणि तिचा दीर. सहा पानांची पीडीएफ आली होती, प्रत्येक पानावर एक क्यूआर कोड. मी ती अख्खी फाइल ग्रुपवर ढकलली, खाली लिहिलं "तिकिटं 👍" आणि कोथिंबीर निवडायला बसले.

दीर हिंजवडीहून ऑफिस आटोपून परस्पर आला. तो सगळ्यांच्या आधी पोचला, फाइल उघडली, समोर जे पान दिसलं ते दाखवलं आणि आत गेला. त्याचं काहीच चुकलं नाही. तासाभराने आम्ही पोचलो. मीही फाइल उघडून समोरचं पान दाखवलं. स्कॅनर लाल. पोरगा म्हणाला, "मॅडम, हे वापरलंय. पाच बेचाळीसला." मी भडकले. पैसे मी भरलेत, बँकेचा मेसेज दाखवू का, वगैरे. मागची रांग "बाजूला व्हा ना ताई" करायला लागली. त्याने साहेबांना बोलावलं. साहेबांनी माझ्या मोबाइलवर बोट ठेवलं, वर सरकवलं आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, खाली अजून पानं आहेत."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तेवढ्यात मैत्रिणीचा नवरा दुसऱ्या गेटवर गेला होता. त्यालाही पहिल्या पानावर लाल दिवा मिळाला, पण तो डोक्याने शांत. त्याने दुसरं पान दाखवलं आणि आत गेला. त्यामुळे मी दुसरं पान पुढे केलं तेव्हा तेही लाल! आता साहेबांच्या नजरेत मी ब्लॅकवाली. आत गेलेल्या दोघांना फोन लावावा तर नेटवर्क नाही. तिसऱ्या पानापासून सगळं सुरळीत लागलं, पण ते करून बघायला साहेब तयार होईपर्यंत पाऊण तास गेला. पहिली तीन गाणी आम्ही पार्किंगमधून ऐकली. मुलगी अजून ऐकवते.

तेव्हापासून माझा नियम: अख्खी फाइल ग्रुपवर कधीच नाही. पीडीएफच असेल तर एकेक पान सुटं करते, त्याला ‘मोठे भाऊजी’, ‘वहिनी’ अशी नावं देते आणि ज्याचं त्याला स्वतंत्र पाठवते. पाच मिनिटांचं काम आहे. "एवढं कोण करतं" म्हणणाऱ्यांनी वरचे दोन परिच्छेद पुन्हा वाचावेत.

आणि अ‍ॅपमध्ये ट्रान्सफरची सोय असेल तर हेही नको, सरळ ट्रान्सफर करा. रीतसर ट्रान्सफर केलं की तिकीट तुमच्या खात्यातून निघून मैत्रिणीच्या खात्यात जातं आणि तिला तिचा स्वतःचा कोड मिळतो. आधी काढून ठेवलेल्या स्क्रीनशॉटच्या भरवशावर मग कुणी राहू नये. परदेशात तर स्क्रीनशॉटची वाटच बंद होत चालली आहे. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. तिकडे टिकेटमास्टर या तिकीटविक्री कंपनीच्या बऱ्याच तिकिटांवरचा कोड काही सेकंदांनी आपोआप बदलतो, त्यामुळे काढलेला फोटो गेटपर्यंत पोचायच्या आत शिळा होतो. यूएफा या युरोपातल्या फुटबॉल संघटनेच्या मोठ्या सामन्यांना मोबाइल तिकिटाचा क्यूआर तुम्ही स्टेडियमजवळ ब्लूटूथ चालू ठेवून पोचलात की मगच उमटतो. तिथे स्क्रीनशॉट काढायला आधी काही दिसतच नाही.

नंबर तोच आहे ना? "हो हो, तोच."

माझी दुसरी डोकेदुखी. ट्रान्सफर करताना अ‍ॅप समोरच्याचा मोबाइल नंबर विचारतं. तुम्ही कॉन्टॅक्टमधला, व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर टाकता. आणि माणसांचा व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर एक, अ‍ॅपमधला दुसरा, बँकेला जोडलेला तिसरा.

मुंबईत क्रिकेटचा सामना होता. नाशिकहून मावसबहीण येणार होती, मी तिला आदल्या रात्री तिकीट ट्रान्सफर केलं. माझ्या स्क्रीनवर ‘पाठवलं’ आलं, माझ्या यादीतून तिकीट गेलं. तिच्याकडे काही नाही. अर्धा तास ती म्हणतेय "आलं नाही", मी म्हणतेय "गेलंय". मग उलगडा झाला. तिने नवीन सिम घेतलं होतं, पण व्हॉट्सअ‍ॅप जुन्या नंबरावरच ठेवलेलं. जुन्या सिमचा रिचार्ज संपलेला. व्हॉट्सअ‍ॅप वायफायवर मजेत चालतं, त्यामुळे तो नंबर मेला आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. एसएमएस मात्र येत नाही, म्हणजे ओटीपी येत नाही, म्हणजे त्या नंबराने अ‍ॅप उघडत नाही. तिकीट अडकलं एका अशा खात्यात, ज्याची किल्ली शिलाई मशीनच्या खणात पडली होती. शब्दशः. सिम एका साध्या बटणांच्या फोनमध्ये, फोन खणात, त्याची बॅटरी उतरलेली, चार्जर बारीक पिनचा. तो मिळाला शेजारच्या आजींकडे. मी इकडून जुन्या नंबराला रिचार्ज मारला, साडेदहाला ओटीपी आला. सिम आणखी काही महिने तसंच पडलं असतं तर तेही जमलं नसतं. ९० दिवस न वापरलेला नंबर कंपनी बंद करू शकते, आणि तो पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो. मग सामना बघायला गेला असता तो दुसरा कुणीतरी.

आता मी "तुझा नंबर काय" असं विचारतच नाही. विचारते, "अ‍ॅप उघड, प्रोफाइलवर जा, तिथे जो नंबर दिसतो तो मला वाचून दाखव." वाचून. पाठ म्हणून नाही. अ‍ॅपच नसेल तर आधी डाऊनलोड, लॉगिन, मग माझ्याशी बोल. लोकांना हा हट्ट वाटतो. वाटू दे.

बाकीच्या, थोडक्यात

गेटवर पोचून ट्रान्सफर करणं. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमबाहेर हजारो मोबाइल एकाच वेळी रेंज शोधत असतात, तिथे ओटीपीची वाट बघण्याइतकं करुण दृश्य नाही. घरून करा. फार तर लोकलमध्ये, तेही वाशीच्या अलीकडे.

उलटी चूकही आहे: बुकिंग झाल्या झाल्या बटण शोधणं. बऱ्याच मोठ्या कार्यक्रमांचा क्यूआर शेवटच्या काही दिवसांत उमटतो आणि ट्रान्सफरही त्यानंतरच खुलतं. तोवर बटण दिसत नाही म्हणून अ‍ॅप उडवून पुन्हा टाकणारे, कस्टमर केअरशी भांडणारे मी पाहिलेत. थांबा जरा. फक्त ट्रान्सफर बंद व्हायची वेळ अटींमध्ये दिलेली असते का ते बघून ठेवा.

पाठवलं म्हणजे पोचलं असं समजू नका. बऱ्याच अ‍ॅपांत समोरच्याने ‘स्वीकारा’ दाबावं लागतं.

मिळालेलं तिकीट पुढे तिसऱ्याला देता येईलच असं नाही. अनेक ठिकाणी एकदाच हात बदलतो. त्यामुळे "बघते, जमलं नाही तर वहिनीला देईन" म्हणणाऱ्या मैत्रिणीला पाठवायची घाई नको. तिचं नक्की होऊ द्या.

सिनेमाच्या एका बुकिंगमधल्या चार खुर्च्यांना मिळून सहसा एकच क्यूआर असतो. चौघं वेगवेगळ्या वेळी येणार असतील तर बुकिंगच वेगवेगळं करा.

काही सामन्यांना ऑनलाइन बुकिंगनंतर कागदी तिकीट खिडकीवरून घ्यावं लागतं, आणि तिथे बुकिंग करणाऱ्याचं ओळखपत्र मागतात. मैत्रिणीला पाठवणार असाल तर तिच्याकडे काय काय द्यायचं ते अटींत वाचा. मी तर सही केलेली चिठ्ठी, ओळखपत्राची झेरॉक्स आणि बुकिंगचा मेल, तिन्ही देते. एखादा कागद जास्त झाला म्हणून अजून कुणी रागावलेलं नाही.

पार्किंग आणि खाण्याचे कूपन तिकिटाबरोबर गेले असं गृहीत धरू नका. वयाची अट बघा. भाचीला दिलेलं तिकीट चाललं तरी भाची चालेलच असं नाही.

पैसे. आधी पैसे, मग ट्रान्सफर. सख्खी मैत्रीण असली तरी. कार्यक्रम रद्द झाला तर परतावा ज्या खात्यातून पैसे गेले तिथेच येतो, म्हणजे तुमच्याच. तेव्हा कुणाचे किती, हे वहीत असलेलं बरं. मी लिहून ठेवते, आणि मला कंजूस म्हणणाऱ्या दोघीजणी परतावा मागायला माझ्याच वहीकडे आल्या होत्या.

अनोळखी माणसाकडून ट्रान्सफर घेणं हा वेगळाच खेळ आहे. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या जानेवारी २०२५ मधल्या नवी मुंबईच्या कार्यक्रमांची तिकिटं २२ सप्टेंबर २०२४ ला काही वेळातच संपली, आणि मग ती लाखांच्या भावाने विकायला निघाली. तेव्हा माझ्या ओळखीतले दोघंतिघं इन्स्टाग्रामवर ‘खात्रीचा’ विक्रेता शोधत होते. खात्री कशाची? तर त्याने तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवला होता! तो एकच फोटो त्याने आणखी किती जणांना पाठवला असेल, हा प्रश्न विचारला की लोक माझ्यावरच चिडतात.

इन्स्टाग्रामवरून आठवलं, तिकीट मिळाल्याच्या आनंदात त्याचा फोटो स्टेटसला टाकताना क्यूआर दिसू देऊ नका. त्यावर बदामाचं स्टिकर लावून अर्धा कोपरा उघडा ठेवणं म्हणजे झाकणं नव्हे.

माझी पद्धत आता ठरलेली आहे. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा, मैत्रिणीला तिच्या फोनवर तिकीट उघडायला लावायचं आणि गेट, ब्लॉक, सीट मोठ्याने वाचून घ्यायची. ती वाचते, मी वहीत बरोबरची खूण करते. गेल्या वेळी कॉल करायच्या आधीच तिचा मेसेज आला, "पोचलं गं तिकीट, हे बघ." खाली स्क्रीनशॉट. क्यूआरसकट, फॅमिली ग्रुपवर.